मागच्या बाजूला काय लिहू?

दर महिन्याच्या वीस-बावीस तारखेपासून माझ्याकडे एक्सेल शीट यायला लागतात. कुणाची चाकणहून, कुणाची रांजणगावहून, कुणाची हिंजवडीतून, आणि त्यात पुढच्या महिन्यात ज्यांना बक्षीस द्यायचंय त्यांची नावं असतात. नावं पगाराच्या सिस्टीममधून काढलेली, म्हणून सगळी इंग्रजी कॅपिटलमध्ये, आडनाव आधी. आता के ए एल ई असं आलं की ते काळे पण असतं आणि काले पण असतं. पी ए टी एच ए आर ई म्हणजे पठारे, पाठारे की पाथरे? आणि कुऱ्हाडेंच्या आडनावातला तो अर्धा र, तो तर इंग्रजीत दिसतच नाही. मग मी फोन लावते. नंबर मिळाला तर थेट त्या माणसाला, नाहीतर त्याच्या सुपरवायझरला. "नमस्कार, तुमचं नाव मराठीत कसं लिहायचं ते विचारायला फोन केलाय." पलीकडे आधी जरा शांतता असते, लोकांना वाटतं बँकेच्या नावाने कुणीतरी ओटीपी मागणार, मग बक्षिसावर कोरायचंय म्हटल्यावर आवाज बदलतो, आणि खूप जण एक गोष्ट हमखास सांगतात, "मॅडम, वडिलांचं नाव पण टाका बरं का मध्ये, पूर्ण."

चौदा वर्षं झाली मला या कामात. आमची कंपनी लहान आहे, तीसेक माणसं. कंपन्यांना त्यांच्या लोकांसाठी बक्षिसांचे कार्यक्रम आखून द्यायचे, ट्रॉफ्या, मानचिन्हं, चांदीची नाणी, सर्टिफिकेटं बनवून द्यायची, आणि गेल्या काही वर्षांत मोबाईलवरचे पॉइंट्स, व्हाउचर हे पण. धंद्यात याला आर अँड आर म्हणतात, रेकग्निशन आणि रिवॉर्ड्स. ऑफिस एकीकडे आणि भोसरीला एक शेड आहे जिथे लेझरची दोन मशीन, एक यूव्ही प्रिंटर आणि पॅकिंगची टेबलं आहेत. ऑफिसातली पोरं सॉफ्टवेअर बघतात, शेडमधली माणसं धूर आणि ॲक्रिलिकच्या वासात असतात आणि मी दोन्हीकडे ये-जा करते. नातेवाइकांत सांगायला गेलं की अजूनही "म्हणजे ट्रॉफीचं दुकान ना?" असं विचारतात. मी हो म्हणते. कारण शेवटी हातात जे पडतं ते तेच असतं, बाकीचं सगळं त्याच्या भोवती आहे.

या नोकरीत मी आले ती जाहिरात बघून, पण टिकले ती आमच्या घरच्या घड्याळामुळे, असं मला अलीकडे फार वाटायला लागलंय.

चिंचवडच्या आमच्या घरी हॉलमध्ये एक भिंतीवरचं घड्याळ आहे. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात ग्राइंडिंगवर होते, त्यांना पंचवीस वर्षं झाली तेव्हा मिळालेलं. लाकडी चौकट, पांढरी तबकडी, आणि खाली पितळी पट्टी. पट्टीवर "सेवेची २५ वर्षे" आणि त्याखाली बाबांचं नाव. आमच्या आडनावात ळ आहे. पट्टीवर तिथे ल कोरलाय.

मी तेव्हा दहावीत होते. बाबा घड्याळ घेऊन आले, आईने ओवाळलं, देवापुढे ठेवलं, पेढे वाटले, आणि मग रात्री जेवणं झाल्यावर आई पट्टीवरून बोट फिरवत म्हणाली, "अहो, हे आपलं नाव नाहीये." बाबा म्हणाले, "असू दे गं, शंभर जणांचं एकदम केलंय, होतं." बस एवढंच बोलणं झालं त्यावर आमच्या घरात, पुढे कधीच नाही. घड्याळ टांगलं गेलं, सेल बदलले गेले, दोनदा रंग काढताना उतरवून परत लावलं. पण घरी कुणी नवीन माणूस आला आणि घड्याळाकडे बघायला लागला की बाबा खुर्चीतून उठून चहाचं बघायला जायचे, हे मला फार उशिरा लक्षात आलं. त्या माणसाने पंचवीस वर्षं मायक्रॉनमध्ये काम केलं होतं. केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरक बोटाला कळायचा त्यांच्या. त्यांच्या हातात कंपनीने जी वस्तू दिली तीत एक अख्खं अक्षर चुकलेलं होतं.

राग कुणावर काढायचा पण? शेडवर आमच्याकडे एक काका होते, आता गावी असतात, त्यांनी आयुष्यभर पँटोग्राफवर कोरीव काम केलं. पँटोग्राफ म्हणजे एका बाजूला पितळेचे मोठे अक्षरांचे साचे लावायचे, त्या खाचांतून टोक फिरवायचं आणि दुसऱ्या बाजूला तेच अक्षर लहान होऊन पट्टीवर उमटतं. त्यांना मी एकदा बाबांच्या घड्याळाचं सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या जुन्या दुकानात इंग्रजी साच्यांचे तीन-चार सेट होते आणि मराठीचा एकच, तोही कुणीतरी हाताने घासून केलेला आणि काही अक्षरं हरवलेली. ळ नसेल तर कारागीर काय करणार, मालक सांगायचा ल मार आणि पुढचं घे. "पोरी, मी पण मारलेत असे ल," ते म्हणाले, आणि डोळे मिटून थोडा वेळ बसले. मला काय बोलावं कळेना. माझा सगळा राग तिथेच गळून पडला आणि त्याच्या जागी एक काम आलं.

आता साचे नाहीत, कॉम्प्युटर आहे, तरी मराठी नाव नीट उमटवणं वाटतं तितकं सोपं झालेलं नाही. एचआरवाले नावं युनिकोडमध्ये टाइप करून पाठवतात, डिझाइनच्या जुन्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये ते पेस्ट केलं की पहिली वेलांटी उडी मारून अक्षराच्या पलीकडे जाते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, जोडाक्षरं सुटून पाय मोडलेली दिसतात. म्हणून बरेच ऑपरेटर अजून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, आपल्या पुण्यातच बनलेल्या श्रीलिपीत वगैरे, नाव परत हाताने टाइप करतात. आणि परत टाइप करायचं म्हणजे परत चुकायची संधी. आमच्याकडे नियम केलाय, टाइप केलेल्या नावाचा फोटो त्या माणसाला व्हॉट्सॲपवर जातो आणि त्याचं "बरोबर" आल्याशिवाय लेझर चालू होत नाही. यात दोन दिवस जातात. मालकांशी यावरून माझी दोनदा चांगली खडाजंगी झालीय, कारण दोन दिवस म्हणजे ऑर्डर दुसरीकडे जाऊ शकते, आणि एकदा गेलीही. पण तो नियम राहिला, मी राहू दिला.

मालकांचं एक मात्र मला आवडतं, त्यांना आपल्या धंद्याचा अभिमान आहे आणि तो त्यांनी आम्हाला पण लावला. जॉइन झाले त्या आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून सॉल्ट लेक सिटीच्या टॅनरची गोष्ट सांगितली होती, नंतर मी स्वतः बरंच वाचलं. ओबर्ट टॅनर, जन्म १९०४, यूटा राज्यातल्या फार्मिंग्टन गावचा, दहा भावंडांत शेंडेफळ. आईने बहुतेक एकटीने सगळ्यांना वाढवलं. १९२७ मध्ये त्याने चर्चच्या वर्गातून शिक्षण पूर्ण करणाऱ्या मुलामुलींसाठी छोट्या पिना आणि अंगठ्या विकायला सुरुवात केली, आईच्या घराच्या तळघरातून. म्हणजे पोरांनी काहीतरी पूर्ण केलंय आणि त्याची खूण म्हणून हातात काहीच नाही, हे त्याला खटकलं असणार, असं मला वाटतं. त्यातूनच ओ. सी. टॅनर ही कंपनी उभी राहिली, जी आज जगभरच्या कंपन्यांसाठी हे आमचंच काम करते, फक्त आमच्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठं. आणि हा माणूस त्याच वेळी यूटा विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचा. १९७८ मध्ये त्याने मानवी मूल्यांवरची व्याख्यानमाला सुरू करून दिली, ती अजून मोठमोठ्या विद्यापीठांत चालते. १९८८ साली अमेरिकेचं कलेसाठीचं राष्ट्रीय पदक त्याला मिळालं, १९९३ मध्ये तो गेला. सकाळी वर्गात तत्त्वज्ञान आणि दुपारी कारखान्यात बिल्ले, हे लोकांना विचित्र वाटतं, मला नाही वाटत. माणसाची किंमत कशात असते हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

पण त्यांच्या कामातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते वेगळंच आहे. २००२ ची हिवाळी ऑलिंपिक त्यांच्याच सॉल्ट लेक सिटीत झाली आणि पदकं या कंपनीने बनवली. वजन ५६७ ग्रॅम, अर्ध्या किलोच्या वर, नदीतल्या गोट्यासारखा ओबडधोबड आकार. समोरच्या बाजूला बर्फ आणि खडकातून मशाल घेऊन बाहेर पडणारा खेळाडू, तो सगळ्यांना सारखा. मागची बाजू मात्र ज्याच्या त्याच्या खेळाची. स्केटिंगवाल्याचं वेगळं, आइस हॉकीवाल्यांचं वेगळं. मी त्याचा फोटो बघितला आणि कितीतरी वेळ बघत बसले. सगळं त्यातच आलं हो! समोरची बाजू सांगते की तू जिंकलास, आणि मागची बाजू सांगते की तू नेमकं काय केलंस. आमच्या धंद्यात बहुतेक सगळे पैसे समोरच्या बाजूवर खर्च होतात. क्रिस्टल किती जाड, सोनेरी पॉलिश किती दिवस टिकेल, बॉक्सला आतून मखमल हवी की सॅटिन. आणि मागच्या बाजूला काय लिहायचं असं विचारलं की उत्तर येतं, "ते काय, नेहमीचं टाका ना मॅडम."

नेहमीचं म्हणजे, कठोर परिश्रम आणि समर्पणाबद्दल. हे वाक्य मी आजवर इतक्या पट्ट्यांवर पाहिलंय की ते आता वाक्य राहिलं नाही, ते नक्षी झालंय. ज्या बाईने रात्रपाळीत एकटीने चुकलेली बॅच पकडली तिला पण तेच, आणि ज्याच्या खात्यात सहज बारी आली म्हणून नाव पुढे केलं त्याला पण तेच. घेणाऱ्याला कळतं. त्याला बरोब्बर कळतं की हे लिहिणाऱ्याला मी कोण ते माहीत नाही.

बाबांच्या बाबतीत मला हे समजलं ते ते निवृत्त झाल्यानंतर. एलआयसीचे कागद शोधत होते मी, बाबांच्या कपाटातल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि त्यात पॉलिसीच्या मागे जपून ठेवलेली एक पिवळी पडलेली चिठ्ठी निघाली. त्यांच्या कारखान्यात सजेशन स्कीम होती, कामगारांनी सुधारणा सुचवायच्या, लागू झाली की छोटं बक्षीस. चिठ्ठी छापील फॉर्मची होती आणि खाली कुण्या इंजिनिअरने पेन्सिलने लिहिलं होतं, "कूलंट फरशीवर सांडू नये म्हणून भंगार पत्र्याची पन्हळ. लावून पाहिली. तीन आठवड्यांत एकही माणूस घसरला नाही. चारही मशीनला लावावी." बक्षीस ५१ रुपये.

मी बाबांना दाखवली. अगदी लख्ख झाला चेहरा. मग अर्धा तास मला त्यांनी पन्हळ कशी वाकवली ते सांगितलं, पत्र्याचा कोन किती, आधी लावली तेव्हा कूलंट, म्हणजे मशीन गार ठेवायचं तेलकट पाणी, उलट मशीनकडे यायला लागलं, मग टोकाला जरा खाली दाब दिला, एक वयस्क हेल्पर आधी घसरून पडला होता त्याचा हात सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होता म्हणून हे डोक्यात आलं, सगळं सगळं. पंचवीस वर्षांच्या घड्याळाबद्दल त्यांनी पाच वाक्यंसुद्धा कधी सांगितली नव्हती. आणि ५१ रुपयांचं काय केलं विचारलं तर म्हणाले, आठवत नाही गं, भाजी आणली असेल.

त्या चिठ्ठीवरही नाव कुणीतरी घाईत अर्धंच लिहिलं होतं, नुसतं आडनाव आणि टोकन नंबर. पण ळ बरोबर होता.

तेव्हापासून मी नावाबरोबर दुसरा प्रश्न विचारायला लागले. सुपरवायझरला फोन करते आणि म्हणते, "साहेब, यांनी काय केलं ते एका वाक्यात सांगा, मागच्या बाजूला काय लिहू?" पहिलं उत्तर ठरलेलं, "चांगला माणूस आहे, सिन्सिअर आहे." मी गप्प बसते. गप्प बसणं हे फार उपयोगी आहे, कुणी मला शिकवलं नाही, आपोआप कळलं. पाच-सात सेकंद गेले की माणूस परत बोलायला लागतो, आणि मग खरं येतं. "अहो एकदा काय झालं, पावसात ट्रान्सफॉर्मर उडाला, सगळे घरी गेले, हा थांबला, फर्नेस गार होऊ नये म्हणून रात्रभर." किंवा, "नवीन पोरं येतात ना आयटीआयची, ती सगळी याच्याकडेच जातात विचारायला, माझ्याकडे येत नाहीत." किंवा एकदा एका पेंट शॉपच्या सुपरवायझरने सांगितलं, की हे गृहस्थ दर सोमवारी सगळ्यांचे मास्क स्वतः धुऊन वाळत घालतात, कुणी सांगितलेलं नाही, नऊ वर्षं. ते मी जसंच्या तसं लिहिलं. कार्यक्रमात मॅनेजरने वाचून दाखवलं तेव्हा, मला नंतर कळलं, त्या खात्यातली सगळी माणसं उभी राहिली होती.

यात कष्ट आहेत, म्हणून कंपन्यांना सोपी बक्षिसं आवडतात. सगळ्यात सोपं म्हणजे हजेरीचं. मोजायला सोपं, वाद नाही. अमेरिकेतल्या एका लाँड्री कंपनीचा एक अभ्यास २०१६ मध्ये छापून आला होता, मी तो प्रत्येक नव्या क्लायंटला सांगते. त्यांचे पाच कारखाने होते, त्यातल्या एकाने वेळेवर येणाऱ्यांसाठी बक्षीस ठेवलं. झालं काय, की काही लोक बक्षीस मिळण्यासारखं असेल तेवढ्या दिवसांत वेळ पाळायचे, आणि उशीर होणार असं दिसलं की सरळ आजारी असल्याचं कळवून टाकायचे. पण मला लागलं ते पुढचं. जे लोक आधीपासून, बक्षीस नसतानाही, रोज वेळेवर यायचे, त्यांचं काम मंदावलं. कारखान्याचं रोजचं उत्पादन सुमारे १.४ टक्क्यांनी खाली आलं. मी त्या माणसांच्या जागी बाबांना बसवून बघते. सातच्या पाळीला साडेसहाला गेटवर असणारा माणूस, थंडी, पाऊस, माझा ताप, काही असो. उद्या त्याला सांगितलं की वेळेवर येणाऱ्यांची चिठ्ठी काढणार आणि एकाला बक्षीस देणार. इतकी वर्षं जे तो स्वतःहून करत होता त्याला आज भाव लावला, आणि तोही लॉटरीचा. मन उतरणारच ना.

पैशांच्या बक्षिसांविरुद्ध मी नाही, हे पण सांगून टाकते. पगार कमी ठेवायचा आणि ट्रॉफी द्यायची असं जिथे दिसतं तिथे मला काम करायला लाज वाटते, आणि मी ते मालकांना बोललेय. ग्रॅच्युइटीचंच बघा, आधी १९७२ चा कायदा होता, २०२५ पासून ती सामाजिक सुरक्षा संहितेत गेली, पण कायम कामगाराचा हिशोब तोच, सलग पाच वर्षं झाली की प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, तो महिन्याचा पगार २६ ने भागून काढायचा. तो हक्क आहे. कुणी टाळ्या वाजवाव्या लागत नाहीत. बक्षीस ही दुसरी गोष्ट आहे, ती हक्काच्या जागी ठेवता येत नाही. पॉइंट्सचं ॲप आलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, कारण माणूस हवं ते घेऊ शकतो. आमच्या कॅटलॉगमध्ये कारखान्यांतल्या लोकांचं सगळ्यात जास्त काय जातं माहितीये? कुकर, मिक्सर, आणि जून महिन्यात शाळेच्या बॅगा. म्हणजे बक्षीस घरात जातं, दुसऱ्याच्या हातात जातं. वर्षानुवर्षं प्राप्तिकराच्या नियमांत वस्तू किंवा व्हाउचरच्या रूपात वर्षाला पाच हजारांच्या आतली भेट करातून सुटायची आणि रोख दिले की पूर्ण कर, म्हणून कंपन्यापण व्हाउचरकडे वळल्या. पण पॉइंट्सना मुदत असते. वर्ष झालं की जातात, आणि न वापरलेल्या पॉइंट्सचे पैसे बऱ्याच ठिकाणी बक्षिसं पुरवणाऱ्या कंपनीकडेच राहतात, याला धंद्यात ब्रेकेज म्हणतात आणि काही जण ते नफ्यात धरूनच दर लावतात. ज्याच्या फोनमध्ये ॲप इंग्रजीत आहे आणि पासवर्ड विसरलाय त्याचे पॉइंट्स जातात. सगळ्यात आधी त्याचेच जातात. आम्ही आता मुदत संपायच्या दीड महिना आधी मराठीत मेसेज पाठवतो आणि प्लांटवर एक माणूस बसवतो टेबल टाकून, जो तिथल्या तिथे ऑर्डर करून देतो. त्या टेबलापुढे जेवणाच्या सुट्टीत रांग लागते.

सरकारी पुरस्कारांचं मोल आमच्या भागात केवढं आहे तेही सांगायला हवं. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ १९५३ पासूनचं, त्यांचा गुणवंत कामगार पुरस्कार असतो. आमच्या गल्लीत एका काकांना मिळालाय. त्यांनी दारावरची पाटी बदलली आणि नावाखाली "गुणवंत कामगार" असं लिहून घेतलं. पोस्टमन, दूधवाला, सोसायटीचा वॉचमन सगळे ते वाचतात. काका आजूबाजूच्या लोकांना रेशनकार्डाचे, पेन्शनचे अर्ज भरून देतात कित्येक वर्षं, पुरस्कार मिळायच्या आधीपासून. पाटी लागल्यावर अनोळखी लोक पण दार वाजवायला लागले. एखादी खूण माणसाला असं आणखी कामाला लावू शकते.

आणि आता ज्याच्याबद्दल लिहायला मी हा लेख घेतला तेच अजून राहिलंय, कारण मला ते नीट लिहिता येईल असं वाटत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी एका प्लांटला वीस वर्षं पूर्ण झाली. प्रत्येक कर्मचाऱ्याला नाव कोरलेलं चांदीचं नाणं. यादी सहाशेच्या वर. एकूण एक नाव तपासलेलं, ळ, ण, ऱ्ह, सगळं. मी स्वतः गेले होते वाटपाला, कारण मला बघायचं होतं. मांडवात खुर्च्या लावणारी एक बाई होती, हाऊसकीपिंगची, पन्नाशीची असेल. माझ्या टेबलावर डबे रचलेले बघून जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, माझं नाव बघता का जरा?" मी नाव विचारलं, यादी काढली, वरून खाली बघितली, परत बघितली. नव्हतं. विचारलं किती वर्षं झाली इथे. म्हणाली सतरा. सतरा वर्षं त्याच प्लांटवर, पण पाच कंत्राटदार बदलले, एकाकडेही सलग पाच वर्षं भरली नाहीत, म्हणजे ग्रॅच्युइटी पण नाही. पगाराच्या सिस्टीममधून यादी निघते आणि त्या सिस्टीममध्ये ती कधी नव्हतीच. मी म्हणाले, "मावशी, नाहीये." ती म्हणाली, "बरं, असू दे. विचारून बघितलं." आणि परत खुर्च्या लावायला गेली.

"असू दे." अगदी बाबांसारखंच.

मी तिथल्या एचआरशी बोलले. ते वाईट लोक नाहीत. ते म्हणाले, कंत्राटी माणसाला कंपनीच्या नावाने काही दिलं तर उद्या तो आमचाच कामगार असल्याचा पुरावा म्हणून कोर्टात येतं, लीगलवाले करू देत नाहीत. भीती मला समजते. पण सतरा वर्षं रोज ज्या फरशीवरून सहाशे माणसं चालली ती पुसणाऱ्या बाईला "तुम्ही पण आहात" असं कुणीतरी म्हणायला कायद्याची भीती आड यावी, हे मला समजत नाही आणि समजून घ्यायची इच्छाही नाही. आता आमच्या प्रत्येक कोटेशनमध्ये शेवटी एक ओळ असते, "कंत्राटी, कँटीन, सुरक्षा व हाऊसकीपिंग यांची यादी स्वतंत्र द्यावी." मालक आधी कुरकुरले, मग त्यांनीच एक मार्ग काढला, कंत्राटदाराचं नाव वर, प्लांटचं आभाराचं वाक्य खाली, आणि खर्च दोघांत. सगळे क्लायंट ऐकत नाहीत, बरेच ती ओळ वाचून पुढे जातात. काही ऐकतात. त्या मावशींच्या प्लांटने अजून ऐकलेलं नाही, मी दर वर्षी परत विचारते.

या महिन्याच्या शीटमध्ये २१२ नावं आहेत, आणि खाली वेगळ्या टॅबमध्ये, तळेगावच्या एका प्लांटकडून, ३४. पहिल्यांदाच आलाय त्यांच्याकडून तो टॅब. चौतिसांतली एकोणतीस नावं आज संध्याकाळपर्यंत पक्की झाली. एक कँटीनमधल्या आहेत, पोळ्या करतात, त्यांच्या सुपरवायझरने आधी "सिन्सिअर आहेत" सांगितलं, मी गप्प बसले, मग ते म्हणाले, "मॅडम, रात्रपाळीला सगळ्यांच्या पोळ्या थंड असायच्या. यांनी स्वतःहून पाळी बदलून मागितली. चार वर्षं झाली, आमच्या रात्रीच्या माणसांना गरम पोळी मिळते."

तसंच्या तसं लिहून घेतलं. आडनावात ळ आहे, विचारून घेतलं, दोनदा. शेडवरून फोन आला की मजकूर पट्टीत बसत नाहीये, "गरम पोळी" खाली जातंय, जरा कमी करा. मोठी पट्टी कापायला सांगितलीय.